मजबुरीची सायकल

गेल्या वर्षी आमच्या मुलीला कॉलेजात पर्यावरणाच्या विषयासाठी एक प्रकल्प करायचा होता. घरातल्या प्रत्येक माणसामुळे वर्षभरात किती कार्बन हवेत जातो, याचा अंदाज काढायचा. कामावर कशाने जाता, महिन्याला पेट्रोल किती लागते, वर्षातून कपडे किती घेता, विजेचे बिल किती, विमानाने कधी गेलात का, असे प्रश्न. तिने आमची उत्तरे लिहून घेतली, तिच्या अम्मीची घेतली, भावाची घेतली आणि शेवटी वही घेऊन आपल्या दादांकडे वळली.

आमचे अब्बा आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांची सारी हयात मोमिनपुऱ्यात हातमागावर गेली. विणलेल्या साड्यांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधून गांधीबागेत व्यापाऱ्याकडे पोचवायचा आणि येताना सूत आणायचे, हा त्यांचा रोजचा प्रवास. ईदेला एक जोड कपडे. तो जोड पुढच्या ईदेपर्यंत जुम्म्याचा, त्यानंतर रोजचा, आणि अगदीच विरला की मागाखाली पुसायला. मुलीने त्यांच्या चाळिशीतल्या एका वर्षाचा हिशेब मांडला आणि आनंदाने ओरडली, "दादा, आपके नंबर सबसे अच्छे हैं! घर में सबसे कम कार्बन आपका!" अब्बांनी चष्मा काढून लुंगीच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, "बेटी, पैसे कहाँ थे?"

(आमच्या घरात बोलणे असेच नागपुरी हिंदीत आणि लिहिणे-वाचणे मराठीत चालते. या अंकाच्या वाचकांना त्याचे नवल वाटणार नाही.)

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्या रात्री आम्हाला बराच वेळ झोप लागली नाही. अब्बांच्या वाक्याने मुलीच्या कोष्टकातला एक रकाना रिकामा असल्याचे दाखवून दिले होते. ज्याच्याकडे पेट्रोल जाळायला पैसाच नव्हता, त्याने पेट्रोल जाळले नाही, याचे श्रेय त्याला द्यायचे का? आणि त्याला द्यायचे नसेल, तर मग ते घ्यायचे कुणी?

रमजानचे उदाहरण घेऊ. रोजेदार दिवसभर उपाशी असतो. मशिदीबाहेरच्या फुटपाथवर ज्याला कालपासून खायला मिळालेले नाही, तोही उपाशी असतो. पोटाला दोन्ही सारखेच. पण रोजेदाराच्या घरात माठ भरलेला असतो आणि तो त्याला हात लावत नाही. दुसऱ्याच्या घरात माठच नसतो, कधीकधी घरही नसते. पहिल्याच्या उपाशीपणाला आपण इबादत म्हणतो, दुसऱ्याचा उपाशीपणा हा आपल्या सर्वांवरचा ठपका मानतो. कर्माची किंमत नियतीवरून ठरते हे आपल्याला लहानपणीच मदरशात शिकवले जाते. त्या न्यायाने अब्बांच्या सायकलीत काटकसरीची नियत नव्हती. सब्र होता, मेहनत होती, हलालच्या कमाईचा अभिमान होता. जमिनीचा आणि आभाळाचा विचार मात्र नव्हता, आणि तो असावा अशी अपेक्षाही कुणी करू नये.

हवेला मात्र नियत कळत नाही. एक लिटर पेट्रोल जाळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग ते पेट्रोल दवाखान्यात जाण्यासाठी जाळलेले असो की पान खाऊन येण्यासाठी. त्यामुळे इथे दोन वेगवेगळ्या वह्या आहेत. एक आभाळाची, तिच्यात फक्त आकडे लिहिले जातात. दुसरी माणसाच्या अमलाची, तिच्यात ऐपत आणि नियत दोन्ही पाहिली जातात. आपल्या बोलण्यात या वह्यांची सतत गल्लत होते, आणि ती गल्लत बहुधा आपल्या सोयीची असते.

ती कशी, ते सांगतो. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी पाच टनांच्या जरा खाली आहे, अमेरिकेची चौदाच्या आसपास. हे आकडे आम्हीही शाळेतल्या मुलांना मोठ्या अभिमानाने सांगत आलो. पाप त्यांचे, मग निस्तरायचे आम्ही का? हा सवाल रास्तच आहे. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळले त्यांची जबाबदारी मोठी आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण देशाचा आकडा दोनवर राहतो तो कुणामुळे? आमच्या अब्बांसारख्यांमुळे. ज्यांच्याकडे गाडी नाही, फ्रिज नाही, ज्यांनी विमान फक्त सोनेगावच्या आभाळात पाहिले, त्या कोट्यवधी माणसांमुळे. ग्रीनपीस या संस्थेने २००७ साली भारतावर एक अहवाल काढला होता. देशातले सुखवस्तू लोक गरिबांच्या आडोशाला लपतात, असा त्याचा रोख होता. तेव्हा आम्हाला तो वाचून रागच आला होता. मुलीच्या वहीत अब्बांचा आणि आमचा आकडा शेजारी-शेजारी पाहिला तेव्हा लक्षात आले की देशाचे सोडा, आमच्या एका घरातही तेच चालले आहे. अब्बांनी न जाळलेले पेट्रोल आम्ही आपल्या नावावर जमा धरतो आणि "आम्ही मुळात साधी माणसे" असे म्हणत गाडीला चावी लावतो.

मोमिनपुरा वसवला तो उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी. तिथले माग एकेक करून थांबले. शहरातली मोठी गिरणी, १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल, तीही बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. जिथे कापड तयार व्हायचे तिथे आता बाहेरून आलेले कापड विकले जाते. विदर्भातला कापूस कुठे कुठे जाऊन सदरा होऊन परत येतो, त्याचा माग काढणे आमच्या आवाक्याबाहेरचे. आणि बरेचसे कापड तर कापसाचे नसतेच. पॉलिस्टर म्हणजे शेवटी खनिज तेलच. आमची पिढी शिकली, नोकऱ्यांना लागली. कुणी मास्तर झाले, कुणी इंजिनिअर, कुणी आखातात जाऊन आले. घरे जाफरनगर, अनंतनगरकडे सरकली. अल्लाहचा शुक्र आहे, माठ भरला. म्हणजे आता कुठे रोजा ठेवण्याची वेळ आली. आता जे करू, त्यात नियतीला जागा आहे.

आणि आम्ही काय करतो? जुम्म्याच्या दिवशी मशिदीसमोरचा रस्ता पाहावा. नमाजेला चालत जाणाऱ्याच्या एकेका पावलाला सवाब आहे हे ज्यांना तोंडपाठ आहे, तीच माणसे तीन गल्ल्या ओलांडायला स्कूटर काढतात. आम्हीही काढत होतो. वाहत्या नदीच्या काठी बसूनसुद्धा वुजूचे पाणी जपून वापरावे, इतका बारीक विचार ज्या शिकवणीत आहे, तिचा इस्राफ हा शब्द आम्ही मौलवीसाहेबांच्या बयानापुरता ठेवला आहे. वलीम्यात बिर्याणीच्या अर्ध्या प्लेटा उष्ट्या पडतात. एक किलो मटणाचा कार्बनचा हिशेब एक किलो डाळीपेक्षा कितीतरी पटींनी जड असतो, तेव्हा त्या प्लेटांत काय काय वाया गेले ते पाहा. जहेजमध्ये पूर्वी सायकल द्यायचे, मग मोटारसायकल आली, आता कारची किल्ली ताटात ठेवून मिरवतात. जहेजच मुळात वाईट. त्यात हा धूर आणखी.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहिताना हात थोडा थांबतो, ती. आमच्या ओळखीत अशी कुटुंबे आहेत जी दर एक-दोन वर्षांनी उमऱ्याला जातात. हज ऐपत असणाऱ्यावर आयुष्यात एकदा फर्ज आहे. त्यात आभाळाच्या वहीचा प्रश्न आणू नये असे आम्हाला वाटते. पण तिसरा, चौथा उमरा, आणि परतताना दुबईत दोन दिवस खरेदी? नागपूर ते जेद्दा सरळ अंतर चार हजार किलोमीटरच्या थोडे वर आहे. जाऊन-येऊन एका माणसाच्या वाट्याला अर्धा ते पाऊण टन कार्बन येतो. रोज दहा किलोमीटर स्कूटर चालवणाऱ्याचा वर्षाचा हिशेब दीडशे किलोच्या आसपास असतो. म्हणजे एका फेरीत चार-पाच वर्षांची स्कूटर. नफिल इबादतीची आस कुणाला असेल तर तिच्यावर बोट ठेवणारे आम्ही कोण? फक्त इतके की त्याच पैशात मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीची फी भरली गेली असती, हा विचार पूर्वीही अनेकांनी मांडला आहे. त्यात आता दुसऱ्या वहीतली नोंदही धरावी.

नागपुरात राहून या नोंदीकडे डोळेझाक करणे अवघड आहे. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. यंत्र बिघडले होते असे हवामान खात्याने नंतर सांगितले, पण तो आकडा ऐकून आमच्या गल्लीत कुणी फारसे दचकले नव्हते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. मे महिन्यात इतवारीत पोती उचलणारा हमाल, टिनाच्या छताखाली विड्या वळणारी बाई, सायकलरिक्षावाला चाचा, यांच्या वहीत कार्बनचा आकडा जवळजवळ शून्य. ऊन मात्र त्यांच्याच डोक्यावर. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीजकेंद्रे आहेत. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात. वीज दूरदूर जाते, राख इथल्या गावांत राहते. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा ती शेतांत पसरली.

म्हणून कुणी विचारतो, विजेवरची स्कूटर घेतली तरी ती कोराडीचा कोळसाच खाणार, मग फरक काय पडला? फरक पडतो. आपल्याकडे एक युनिट वीज बनवताना साधारण ७०० ग्रॅम कार्बन निघतो, आणि एका युनिटमध्ये अशी स्कूटर तीस-पस्तीस किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरमागे वीस-बावीस ग्रॅम. पेट्रोलच्या स्कूटरचे पन्नास, लहान कारचे दीडशे. भरलेल्या सिटी बसमधल्या माणसाच्या वाट्याला वीसच्या आसपास येतात. पायी चालणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचा तर धूरच नाही.

याच आकड्यांच्या भरात आम्ही एक चूक केली. आमच्या मुलीला स्कूटर हवी होती. कॉलेज हिंगणा रोडला, घरापासून लांब. आम्ही तिला तिच्याच प्रकल्पातले आकडे ऐकवले आणि बसने जा म्हणालो. तिची अम्मी मधे काहीच बोलली नाही. मुलगी उठून गेल्यावर म्हणाली, "आपल्या घरात कमी करायची वेळ आली की सुरुवात नेहमी बाईपासूनच का होते?" आम्हाला उत्तर सुचले नाही. खरेच, आमच्या अम्मीने जन्मभर शिळी रोटी आधी आपण खाल्ली. ज्या काटकसरीचे आम्ही आज गुणगान करतो, तिचा सगळ्यात मोठा वाटा त्या पिढीच्या बायकांनी उचलला, तोही न विचारता लादलेला. मोमिनपुऱ्यातल्या कित्येक मुलींचे शिक्षण दहावीला थांबले ते कॉलेज लांब आहे एवढ्याच कारणाने. स्कूटरने त्यांना पाय दिले. त्या पायांवर कार्बनचा हिशेब ठेवायचा आणि भावाची चहाच्या टपरीपर्यंतची मोटारसायकल माफ करायची, हा कुठला इन्साफ? मुलीला स्कूटर घेतली, विजेवरची. आमचा नियम आता असा आहे की ज्याच्याकडे पर्याय जास्त, त्याने आधी सोडायचे. या नियमाने घरात पहिला नंबर आमचाच लागतो, हे आम्हाला फारसे आवडलेले नाही.

एक आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो. कार्बन फुटप्रिंट ही कल्पना घरोघर पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. २००० नंतरच्या दशकात तिने लोकांना आपापला हिशेब काढायला सांगितले. तेल काढणारी कंपनी गिऱ्हाइकाला विचारते, तू किती जाळतोस? यातला कावा ओळखला पाहिजे. मोमिनपुऱ्यातल्या माणसाने एक पिशवी वाचवावी आणि कोळशाचा प्रश्न कुणी विचारूच नये, असे त्यात होऊ शकते.

आपल्या फिकहमध्ये यासाठी एक उपयोगी भेद आहे. काही कर्तव्ये फर्ज-ए-ऐन आहेत, प्रत्येकाने स्वतः करायची. दुसऱ्याने केलेली चालत नाहीत, जशी रोजची नमाज. काही फर्ज-ए-किफाया, जशी जनाजाची नमाज; वस्तीतल्या काहींनी अदा केली की सर्वांची सुटका, आणि कुणीच केली नाही तर सारी वस्ती गुनहगार. इस्राफ न करणे हे आम्हाला पहिल्या वर्गातले वाटते. मॉलमध्ये गरज नसलेला चौथा जोड घेताना समोर बीपी नसते, आपणच असतो. पण फुटपाथ, बस, कोराडीची राख या गोष्टी दुसऱ्या वर्गातल्या. मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली, २०२२ च्या डिसेंबरात सुमारे अडतीस किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण झाला, आमच्या बाजूला दोसर वैश्य चौकात स्थानक आले. पण घरापासून त्या स्थानकापर्यंत बुरखा सावरत, लहान मुलाचा हात धरून चालत जाऊन पाहा. फुटपाथ कुठे आहे? जनाजा उठायला चार खांदे तरी लागतात. मोहल्ल्यातल्या किती जणांनी मिळून यासाठी महापालिकेत एक अर्ज दिला? आम्ही दिला नव्हता. यंदा सतरा सह्या घेऊन दिला आहे. पोच मिळाली, फुटपाथ अजून नाही.

खरेदीचे म्हणाल तर तिच्याबद्दल आम्हाला आमच्या समाजाला दुसऱ्या कुणाकडून शिकण्याची गरज वाटत नाही. जुने ते नवे करण्याचे किती धंदे आपल्या लोकांच्या हातात होते, आणि अजून आहेत! पिंजारी घरासमोर बसून गादीतला कापूस पिंजून द्यायचा, दबलेली गादी पुन्हा फुगायची. हे दर दोन-चार वर्षांनी, आणि तीच गादी वीस-वीस वर्षे. रफूगार शेरवानीतले भोक असे भरायचा की शोधून सापडू नये. कल्हईवाला, छत्रीवाला, कुलूप-किल्लीवाला, पंखा-मोटर गुंडाळून देणारा, भंगारवाला, स्कूटरचा मिस्त्री. शिकलेल्या मुलाने यांतले काही करू नये अशी आपलीच इच्छा असते, आणि लग्न जमवताना "मुलाचे वडील भंगारचे काम करतात" हे खालच्या आवाजात सांगितले जाते. परदेशात आज याच कामांसाठी कायदे करतात, ग्राहकाचा दुरुस्तीचा हक्क म्हणतात. आपण फोमची गादी आणली. ती तेलापासून बनते, दबली की फेकावी लागते आणि पिंजाऱ्याला काम उरत नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोन गाद्या पिंजून घेतल्या. पिंजारी शोधायला आठ दिवस लागले. त्याचा मुलगा आता घरोघर ऑनलाइन खरेदीची पाकिटे पोचवतो.

शेवटचा अडथळा पैशाचा नाही, इज्जतीचा आहे. माळ्यावरची अब्बांची सायकल आम्ही उतरवली आणि जुम्म्याला तिच्यावर बसून गेलो. चौकात पहिल्याने विचारले, "क्या मास्टर, गाडी बेच दी?" दुसऱ्याने काळजीने घरची खुशाली विचारली. तिसऱ्याने सरळ बाजूला घेऊन उधारी हवी का म्हणून विचारले. त्याच्या भलेपणाबद्दल आम्हाला आजही आदर आहे. जी सायकल अब्बांनी नाइलाजाने चालवली, तीच आम्ही खुशीने चालवतो आहोत हे रस्त्यावर कुणाला दिसत नाही. नियत दिसत नसते. दिसते ती फक्त सायकल, आणि आमच्या वस्तीत सायकल म्हणजे अजून गरिबीच. खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी आम्हालाही वाटले, गळ्यात पाटी अडकवून जावे, की गाडी घरी उभी आहे. पुढच्या जुम्म्याला पाऊस होता. आम्ही स्कूटर काढली आणि सुटका झाल्यासारखे वाटले, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर सायकल दुरुस्तीला नेली. दोन्ही ट्यूब बदलल्या, ब्रेकची रबरे नवीन टाकली. दुकानदार म्हणाला, आता लहान मुलांच्या सायकली येतात, नाहीतर सकाळी व्यायामाला जाणाऱ्यांच्या गिअरवाल्या. असा काळा घोडा पुष्कळ दिवसांनी पाहिला. संध्याकाळी घरी आणली तेव्हा अब्बा ओट्यावर बसले होते. आमच्याकडे न पाहता त्यांनी हात लांब करून मागचा ब्रेक दाबून पाहिला, पेडल उलटे फिरवले, कान देऊन ऐकले.

"चेन में तेल नहीं डाला," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला तेलाची वाटी मागितली.